ठमीच्या पोटात काय आहे

ती. मामांना सविनय नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही कठड्याला न धरता जिना उतरलात, तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही रोज एकदा तरी पडता. मामींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर कोणीच ठीक नाही, आणि ज्यांच्यामुळे ठीक नाही ते दोन प्राणी तुम्हीच आमच्या घरी आणून दिलेत. (राग मानू नका. ही ओळ मी खोडली होती, पण मग पुन्हा लिहिली.) फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे आईच्या कानात बोलणं, आणि ही गोष्ट नेमकी तिच्यापासूनच लपवलेली आहे.

तुम्हाला आठवत असेल, धाकटीच्या वाढदिवसाला तुम्ही गिनीपिगांची जोडी आणलीत. दुकानदार तुमचा मित्र. "एक नर, एक मादी, डोळे झाकून घ्या," असं तो म्हणाला आणि तुम्ही खरोखरच डोळे झाकून घेतलीत. धाकटीने मादीचं नाव ठमी ठेवलं. नराला आईने पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून कोथिंबिरीची पहिली काडी जावईबापूंना, खिडकीजवळची उबदार जागा जावईबापूंना आणि माझा लोकरी मफलरही जावईबापूंनाच. (मी मागितला होता. आई म्हणाली, "त्यांच्या अंगाखालून काढतोस? बरं दिसतं का ते?") दोन वर्षांत घरात एक पिल्लू झालं नाही, तरी कोणाला शंका आली नाही. आईचं म्हणणं, हल्ली सगळ्यांना उशिराच होतात.

मागच्या महिन्यात ठमीचं पोट वाढायला लागलं आणि आईने लगेच निदान केलं. तीन मुलं वाढवलेल्या बाईला चालीवरून कळतं, तपासायला लागत नाही. मला मात्र चैन पडेना. ठमीच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत चालले होते, आणि ते अगदी सारखे. तसबिरींच्या दुकानात काम करत असल्यामुळे दोन बाजू सारख्या दिसल्या की मला एरवी बरं वाटतं; या वेळी नाही वाटलं. पोटाला हात लावला की ती किंचाळायची. बाकी वेळ घशातून घुरघुर काढत जावईबापूंच्या अंगावर चढून जायची आणि ते बिचारे माझ्या मफलरमध्ये तोंड खुपसून बसायचे. आई म्हणाली, हे डोहाळे. केसांचं विचारलं तर म्हणाली, "तू पोटात होतास तेव्हा माझेही गळाले. तेव्हापासून छळतोयस." मग मी दुकानातली टेप आणून रोज ठमीचं पोट मोजू लागलो. मालकांना टेपला कोथिंबिरीचा वास येऊ लागला तेव्हा त्यांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं. त्यावर त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मुलीसाठी एक पिल्लू मागून ठेवलं.

शेवटी मी हट्टाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघांनाही, कारण एकटीला नेलं की ठमी खोक्यात डोकं आपटून घेते. आईही आली, बाळंतपणाच्या गोष्टीत तिला वगळून कसं चालेल. सोनोग्राफी सुरू झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "दोन दिसताहेत..." आणि आई "जुळी!" असं ओरडून दाराबाहेर गेली ती फोन लावायलाच. पुढचं वाक्य ऐकायला खोलीत मी एकटाच उरलो. (मामा, माझ्या आयुष्यात सगळ्या महत्त्वाच्या वाक्यांच्या वेळी असंच होतं.)

पुढचं वाक्य असं होतं: ही पिल्लं नाहीत, गाठी आहेत. दोन्ही अंडाशयांवर एकेक, पाण्याने भरलेली. या वयाच्या माद्यांना त्या बऱ्याचदा होतात; केस त्यामुळेच गळतात, आणि ती दांडगाईही त्यातलीच. बाई म्हणाल्या, पिल्लं नाहीत हे उलट बरंच झालं. या वयात पहिलं बाळंतपण जिवावर बेततं, कमरेची हाडं घट्ट झालेली असतात. ऑपरेशन करून अंडाशय आणि गर्भाशय काढायला हवं. एवढ्याशा जीवाला भूल देणं धोक्याचं आहे, पण गाठ आत फुटली तर त्याहून वाईट, तेव्हा फार थांबू नका. मग त्यांनी सहज म्हणून जावईबापूंना उताणं केलं, जरा वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "याला नर कोणी ठरवलं?" मी तुमचं नाव सांगितलं नाही.

बाहेर आलो तर आईने सगळी इमारत फोनवर गाठली होती. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी दोन इवल्या गाद्या शिवून दिल्या आहेत, होणाऱ्या पिल्लांच्या अंदाजी मापाने. मी रोज तोंड उघडतो. "आई, ते ठमीचं..." एवढं झालं की ती म्हणते, "घाबरू नकोस. पहिलटकरीण असली की घरातले पुरुष असेच गळपटतात." ठमी आता खाणंही कमी करू लागली आहे. आई म्हणते, दिवस भरत आले.

असो. एवढंच कळवायचं होतं. तुम्ही काळजी करू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. काळजी करा. येत्या रविवारी या आणि आईला सगळं सांगा. ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. गाठींचं आधी सांगा, जावईबापूंचं ती पाणी प्यायल्यावर. मी त्या वेळी दुकानात असेन. (दुकान रविवारी बंद असतं, पण मी असेन.)

ता. क. २. 'अंडाशय' शब्दाची खात्री करून घेण्यात पत्र खिशातच राहिलं. दरम्यान आई तारीख विचारायला एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळं ऐकून आली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ती फक्त म्हणाली, "ती बिचारी दुखण्याने कण्हत होती आणि मी तिला डोहाळे पुरवत होते. मला सांगितलं का नाहीस रे? भित्रा मेला!" दुसऱ्या दिवशी सकाळीच ठमीला घेऊन गेली. ऑपरेशन होईपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, कोणालाही फोन न करता.

ता. क. ३. ठमी वाचली. पोटावरचे केस काढल्यामुळे फार विचित्र दिसते, पण आज तिने आपणहून कोथिंबीर खाल्ली. आई इमारतीत सांगते, "बाळंतपण जड गेलं. पिल्लं नाहीत, पण पोर हाती लागली." शिंपीकाकांनी दोन गाद्या जोडून एक करून दिली. जावईबापू तिच्याजवळून हलत नाहीत, म्हणून त्यांचंही मी धीर करून सांगून टाकलं. आईने आधी जावईबापूंच्या अंगाखालचा मफलर सारखा केला. मग म्हणाली, "असू दे. जावई म्हणून आलेत, जावई म्हणूनच राहतील. या घरातल्या पुरुषांपेक्षा तिला धीर त्यांनीच दिला." त्या पुरुषांत तुम्हीही येता, असं तिने मुद्दाम कळवायला सांगितलं आहे. तेव्हा रविवारी याच. येताना कोथिंबीर आणा, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून घ्या.