एक्केचाळीस कोरे रकाने

प्रिय निरंजन,

पत्राला 'प्रिय'नं सुरुवात करायची असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. मनात सध्या तसं काही नाही. फोनवर तू 'अप्पा, मीटिंगमध्ये आहे' म्हणून माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. हे मात्र शेवटपर्यंत वाच. वर्षालीलाही वाचायला दे, सुनेलाही कळू दे.

आमच्या चाकणच्या कारखान्याच्या गेटचं काम तुझ्या कंपनीला मिळालं, तेव्हा मी पिंपळे गुरवच्या सगळ्या बिल्डिंगीत सांगत फिरलो, की बाप ज्या गेटवर वॉचमन आहे तिथला प्रोग्राम मुलानं लिहिलाय. तू मला शेजारी बसवून समजावलंस. कामगारानं कार्ड टेकवलं की कॉम्प्युटरात त्याची नोंद तयार होते, पण तीत फक्त नंबर. नाव, फोटो, कुठल्या शेडमध्ये काम, हे रकाने कोरे. कुणी पहिल्यांदा विचारलं, की मगच ते मेन ऑफिसच्या सर्व्हरवरून आणायचं, आणि एकदा आणलं की दिवसभर तिथंच ठेवायचं. आधीच भरून काय करायचं, म्हणालास, बहुतेकांचं कुणी विचारतच नाही. मी म्हटलं, आणि विचारायच्या वेळीच लाइन गेली तर? तू हसलास. 'अप्पा, शाळा सातवी, पण काळजीत पीएचडी.'

मला काही चैन पडेना. रोज सकाळी सातला शिफ्ट आत गेली की मी एकेक नंबर दाबून उघडायचो. सगळे रकाने भरले की मगच चहा घ्यायचा. असं पाच महिने केलं. सेफ्टीच्या ड्रिलला सगळी नावं फटाफट आली आणि साहेबांनी तुझी पाठ थोपटली, त्या सकाळीही ती मीच दाबून ठेवली होती. तुला वाटलं, तुझी हुशारी.

मग तुझा फोन आला. म्हणालास, सातच्या ठोक्याला सर्व्हरवर लोड येतो, ऑफिसातले लोक तुला जाब विचारतात. 'अप्पा, उगाच बटणं दाबत बसायची ही खोड सोडा, माझी इज्जत जाते.' मी सोडली. पोरगं शिकलेलं आहे, त्याला कळत असेल, असं मनाला बजावलं.

सहाव्या दिवशी पेंट शेडला आग लागली. वीज तोडली, मेन ऑफिसची लाइनही गेली. माझा कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता. त्यावर एक्केचाळीस नंबर, आणि पुढं सगळं कोरं. मैदानात माणसं चाळीस. मी हातानं कॉम्प्युटरचा पडदा बडवला. राहिलं कोण, आणि कुठल्या शेडमध्ये? एकमेकांची तोंडं बघत, नावं विचारत अकरा मिनिटं गेली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, रोहिदास दिसत नाही. तो रंग सुकवायच्या ओव्हनच्या मागं पडला होता.

तो आयसीयूत आहे. श्वास मशीनवर चाललाय. त्याची बायको कस्तुरा बाहेर बाकड्यावर बसून असते. काल म्हणाली, 'काका, तुमी तर गेटवरच व्हता. ह्ये आत हायत ते तुमाला ठावं नव्हतं व्हय?'

आणि आज साहेबांनी तुझा रिपोर्ट वाचून दाखवला. खाली तुझी सही. 'प्रोग्राममध्ये दोष नाही. गेटवरील कर्मचाऱ्याने नेहमीप्रमाणे यादी उघडून ठेवली नव्हती.' नेहमीप्रमाणे! म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. मी कर्मचारी काय रे? बापाचं नाव लिहिताना हात अडला का?

मंगळवारी अकराला चौकशीत माझा जबाब आहे. तुझं ऐकलं ही माझी चूक, ती मी कबूल करणार. सांगितलं कुणी, तेही सांगणार. त्याआधी तू स्वतः येऊन बोललास, तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. नाही आलास तर मला थांबवायला फोन करू नकोस. आज दुपारी दवाखान्यात जाऊन कस्तुराला मी सगळं सांगून आलोय.

तुझाच, कारण ते काही बदलता येत नाही,
अप्पा