आमच्या दारचा आवळा

१० मे १९५३, रविवार. डोंबिवली.
सकाळी साडेअकराला सामान उतरलं. दोन मडकी फुटली, आरशाला तडा गेला, बाकी सर्व व्यवस्थित. गिरगावची दहा बाय बारा सुटली एकदाची. आता तीन खोल्या, पडवी, अंगण, मागे विहीर आणि दारात स्वतःचं आवळ्याचं झाड. झाड घरमालक गुणाजींचं आहे, पण दार माझं.

भाऊ (माझे थोरले बंधू) शेवटपर्यंत म्हणत होते, अधिक महिन्यात घर बदलू नये. मी म्हणालो, अधिक म्हणजे जास्तीचा, आणि जास्तीच्या महिन्यात जास्तीची कामं उरकावीत. जिन्यात मात्र भाऊ साऱ्या चाळीसमोर म्हणाले, श्रीपाद, तू तिथं सहा महिने काढणार नाहीस.

बघू!

आमची जुनी खोली ते कार्तिकापर्यंत अडवून ठेवणार आहेत. मार्गशीर्षात त्यांच्या आनंदचं लग्न, त्याला खोली हवी. तोवर आम्ही परतलो तर आमची, नाही तर त्याची. माझा परतण्याचा प्रश्नच नाही. धास्ती आहे ती सुमतीची. बायकांना चाळ सुटत नाही. सरोज दहा वर्षांची, ती आईच्या मागे. दोघींवर लक्ष ठेवलं पाहिजे.

संकल्प. एक, विहिरीचं पाणी रोज पहाटे मी काढणार. पंचवीस पोहरे. दोन, भाजी विकत आणायची नाही. तीन, आवळ्याची दोन पानं रोज अनशापोटी. बुद्धी तल्लख राहते. चार, कार्तिकात भाऊंना सहकुटुंब आवळीभोजनाला बोलवायचं. आपल्या दारात, आपल्या झाडाखाली. मग बघतो कोण किती महिने काढतं ते.

११ मे. पहाटे.
तीन पोहरे काढले. चौथा दोरासकट आत गेला. गुणाजींनी गळ टाकून काढून दिला. दोर गुळगुळीत होता, नाही तर पंचवीस सहज झाले असते.

आवळ्याची पानं खाल्ली. आंबट. पुस्तकात तुरट म्हटलंय. पुस्तक जुनं आहे.

१२ मे.
खांदा दुखतो. पाणी सुमतीनं काढलं. सोबत तुळसा, म्हणजे गुणाजींची बायको. माणूस चांगलं, आवाज मोठा. दोघी विहिरीवर बराच वेळ हसत होत्या. सुमती दुःख लपवते आहे.

१७ मे, रविवार.
गिरगावात जाऊन आलो. दाढीचा ब्रश तिथं राहिला होता. गेलोच होतो म्हणून केस कापले, गेलोच होतो म्हणून चौपाटीवर एक चक्कर. तुलना करायला बरं पडतं. समुद्राची हवा दमट आहे. बाकावर दीड तास बसून खात्री करून घेतली.

छत्री भाऊंकडे राहिली. पुढच्या रविवारी आणली पाहिजे.

२१ मे. कॅज्युअल लीव्ह.
सकाळी ८. आज वाळवण. चाळीच्या गच्चीवर बावीस बिऱ्हाडं, पापडाला पापड लागायचा. इथं अख्खं अंगण आमचं. दीडशे पोह्याचे पापड आणि सांडगे मांडले. सुमती म्हणाली, तुळसाच्या माळ्यावर (म्हणजे उघड्यावरचं उंच मचाण) घालू. मी साफ नाही म्हटलं. स्वतःचं अंगण असताना दुसऱ्याचा माळा कशाला? राखण मीच करणार. सायंटिफिक पद्धतीने. खुर्ची, काठी, वर्तमानपत्र.

दुपारी १. कावळे एकूण नऊ आले. नऊही परतवले.

दुपारी ३. डोळे मिटून विचार करत होतो. तेवढ्यात गुणाजींची शेळी. शेळीला पापड आवडतात हे आधी कुणी तरी सांगायला हवं होतं. सांडगे तिनं नुसते तुडवले.

उरलेलं सुमतीनं माळ्यावर नेलं. नेऊ दे. तत्त्व म्हणून मी विरोध नोंदवला आहे.

३१ मे, रविवार.
छत्री आणायला गिरगावात गेलो. छत्री मिळाली. चष्म्याचं घर राहिलं.

१४ जून, रविवार.
परसात पडवळ, दोडका, भोपळा लावला. आळी केली. आता भाजीवाल्याचं तोंड बघणार नाही. दुपारनंतर गिरगाव. चष्म्याचं घर आणलं. मात्र पुन्हा छत्री राहिली. परतताना भिजलो.

वहिनी म्हणाल्या, भावजी, रमलात का? मी म्हणालो, मी तर पहिल्या दिवसापासून. हिचंच कठीण दिसतंय. वहिनी फणसाचे गरे सोलत होत्या, मान वर केली नाही. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

५ जुलै, रविवार.
स्टेशनाच्या रस्त्यात गुडघाभर चिखल. माझी एक चप्पल आत राहिली. तरी मी म्हणतो, शहरातल्या डांबरापेक्षा माती पायाला चांगली. दुसरी चप्पल हातात घेऊन गिरगावात गेलो, नवी जोडी घ्यायला. डोंबिवलीत मिळते, पण माझ्या पायाची नाही.

सुमतीचा विरंगुळा: तुळसाला सकाळी अक्षरं शिकवते. तुळसा तिला भाकरी थापायला शिकवते, तांदळाची, हातावर. बिचारी काही तरी करून दिवस ढकलते आहे.

१२ जुलै.
इथली आमटी चांगली होते. अशी आंबटसर चव गिरगावात कधी आली नव्हती. सुमतीला विचारलं, काय घातलंस? म्हणाली, घरचंच. विहिरीच्या पाण्याचा गुण. दोन वाट्या जास्त प्यायलो. भाऊंना ही आमटी पाजली पाहिजे.

१७ ऑगस्ट. श्रावणी सोमवार. पुन्हा लीव्ह.
खिडकाळीच्या महादेवाला सहल. तुळसाचं म्हणणं होतं, बैलगाडी जुंपू. गाडी वळसा घालून जाते. मी नकाशा बघून सरळ रेषा काढली होती, दोन मैल वाचत होते. सुमती आणि सरोज गाडीत बसल्या. मी सरळ रेषेनं निघालो.

रेषेत भातशेतं होती. बांधावरून चालणं सोपं आहे, फक्त बांध दिसला पाहिजे. देवळात पोहोचलो तेव्हा आरती होऊन, फराळ होऊन, मंडळी तळ्याकाठी फुगड्या घालत होती. सुमती फुगडी घालत होती! गिरगावात तेरा वर्षांत कधी घातली नव्हती. मला बघून थांबली. म्हणाली, अहो, हे काय, कमरेपर्यंत? मी म्हणालो, सरळ रेषाच बरोबर होती, ऋतू चुकला.

परत गाडीतून आलो. माझ्यासाठी नव्हे, सरोजला सोबत म्हणून.

६ सप्टेंबर, रविवार.
एक पडवळ धरलं आहे. दोडका-भोपळा पाण्यानं कुजले, पण पडवळ उत्तम. सव्वा हात. सरळ वाढावं म्हणून लोक खाली खडा बांधतात. मी मोठा दगड बांधला. वाढ दुप्पट होईल.

७ सप्टेंबर.
पडवळ तुटलं. भाजी विकत आणली. एवढ्यापुरतीच.

२२ सप्टेंबर.
गणपती भाऊंकडे असतो, म्हणून सगळे गेलो होतो. दीड दिवसाने सुमती सरोजला घेऊन डोंबिवलीला परतली. तुळसाकडे गौर यायची होती म्हणे. मी अनंत चतुर्दशीपर्यंत तिकडेच राहिलो. मंडळाला माणूस हवा होता. माझं मुख्य काम जिन्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना डोंबिवलीची हवा समजावून सांगणं. अकरा दिवस घसा बसेपर्यंत सांगितली. एक जण म्हणाला, मग तुम्ही इथं काय करताय? काही लोकांना मुद्दा कळत नाही.

जुन्या खोलीला कुलूप आहे. किल्ली मागून घेऊन एकदा आत जाऊन आलो. पाल वगैरे आहे का, बघायला हवं. खिडकीत बसलो. समोरच्या इराण्याच्या बेकरीचा वास अजून चारलाच येतो. सहापर्यंत पाल दिसली नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार.
कार्तिक जवळ आला. सुमतीचा काय निर्णय होतो या काळजीनं मला झोप नाही. ती झोपते. काळजी आत दाबून झोपणारी माणसं असतात.

८ नोव्हेंबर, रविवार.
दिवाळी झाली. सुमती आणि तुळसानं फराळ एकत्र केला, यंदाच्या अनारशांना जाळी पडली. (हवा!)

गिरगावात जाऊन आमंत्रण दिलं. पुढचा रविवार, पंधरा तारीख, आवळीभोजन, एकूण अकरा माणसं. भाऊंनी विचारलं, आवळे धरलेत का? मी म्हणालो, झाड तरुण आहे, घाई करत नाही.

घरी सांगितलं. सुमती म्हणाली, अहो, गुणाजींच्या वाडीत मागे एक आवळा आहे, मोठा, आवळ्यांनी लगडलाय, पंगत तिथंच बसवू. मी म्हणालो, मुळीच नाही. सहा महिने मी ज्याचं पान खातोय तो आवळा टाकून परक्याच्या आवळ्याखाली जाऊ? ती म्हणाली, बरं. तिचं बरं मला आवडलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी ७. झाडाभोवती सारवलं, रांगोळी, पाट. सहा महिने पूर्ण होऊन वर पाच दिवस. आज भाऊंची जिरणार.

संध्याकाळी ६. सगळे गेले. जसं झालं तसं लिहितो.

वहिनी हळद-कुंकू घेऊन झाडाच्या पूजेला गेल्या. बुंध्याला कुंकू लावलं, एक डहाळी खाली ओढली, पान चुरगळलं, जिभेवर ठेवलं. मग म्हणाल्या, भावजी, ही चिंच आहे.

मी म्हणालो, वहिनी, दिसायला तसा दिसतो. सरोज म्हणाली, बाबा, चिंचच आहे, आम्ही सगळे पाला खातो. तुळसा पडवीत होती. तिचा तो आवाज! यो आवला नाय, चिच हाय, बाय तर जेठापासून आमटीला पाला नेते.

आमटी!

भाऊ हसायला लागले ते पाटावर बसेपर्यंत हसत होते. चिंचेखाली भुतं जेवतात रे, म्हणाले. मी ठाम राहिलो. म्हणालो, दोघांची पानं बारीकच, झाड तरुण असलं की भलेभले फसतात, शिवाय धर्मात भाव महत्त्वाचा, वनस्पतिशास्त्र नव्हे. कुणी ऐकत नव्हतं, कारण सगळे उठून मागच्या वाडीकडे चालले होते. तिथं मोठ्या आवळ्याखाली सारवण झालेलं, केळीची पानं मांडलेली, चुलीवर वरण. सुमतीनं आणि तुळसानं पहाटेच करून ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यापासून तिला ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही रोज सकाळी किती ऐटीत पान खात होता.

जेवण उत्तम झालं. मी कमी जेवलो.

विड्याच्या वेळी भाऊंनी विषय काढला. खोलीचं काय? आनंद मान खाली घालून बसला होता. मी घसा साफ करून म्हणालो, माझं काही नाही, पण हिचं मन अजून इथं...

सुमती म्हणाली, भाऊजी, आम्ही इथंच राहणार.

भाऊ म्हणाले, ते तू आषाढातच कळवलंस गं. तेव्हाच खोली आनंदला देत होतो. तूच म्हणालीस, आम्ही दोघी रमलोय, पण यांचं अजून काही सांगता येत नाही, कार्तिकापर्यंत राहू द्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बोल श्रीपाद. ठेवू?

आषाढापासून खोली माझ्यासाठी ठेवली होती. चाळीतल्या सगळ्यांना माहीत असणार. गणपतीत मी जिन्यात उभा राहून हवा समजावत होतो, तेव्हाही.

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. मला ती खिडकी हवी होती. चार वाजताचा तो वास हवा होता. इथं लिहायला हरकत नाही, फार हवा होता. सुमती माझ्याकडे बघत नव्हती, पानं गोळा करत होती, आणि तिचा हात एका पानावर तसाच थांबला होता.

म्हणालो, आनंदला द्या. मी मेपासून तेच सांगतोय.

आनंद पाया पडला. वहिनींनी एक पिशवी पुढे केली. दोन छत्र्या, मफलर, तपकिरीची पुडी, डब्याचं झाकण, ग्रंथालयाचं पुस्तक, एक मोजा. म्हणाल्या, सगळं आणलंय, तिकडे आता काही राहिलं नाही. निघताना भाऊ हळूच म्हणाले, रविवारी येत जा रे. काही विसरायला लागत नाही.

निर्णय शेवटी मीच घेतला, हे नोंदवून ठेवतो.

२२ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी ९. छत्र्या कोपऱ्यात आहेत. दोन्ही.

१०.३०. अंगणात खुर्ची टाकून बसलो. सवयीनं पान खाल्लं. आंबट. चिंचच आहे. मला पहिल्या दिवशीच शंका आली होती.

दुपारी १. जेवताना सुमतीला म्हणालो, ती आमटी कर की, पाल्याची. म्हणाली, आता पाला जून झाला, कोवळा चैत्रात फुटेल.

म्हटलं, थांबतो.