बंद केलेली अट

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. मी एवढी वाकले म्हटल्यावर तुला संशय येईल, येऊ दे. वहिनींचा गुडघा कसा आहे? छोटी शाळेत रमली का? इकडे बाबा खोकतात आणि सगळ्यांवर ओरडतात, म्हणजे तब्येत उत्तम.

बातमी अशी, की वर-खाली होणाऱ्या रुग्णखाटांची पुन्हा मागणी आलीये. हो, त्याच खाटेची. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकासमोर जी अर्ध्यावर अडकली, जिच्यावरून बाबा तुला चारचौघांत "हात आहेत की फावडी?" म्हणाले आणि तू वर्कशॉपची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलास.

सकाळी मी तिची कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगची, फाइल उघडली. तू कॉम्प्युटरपासून चार हात लांब राहणारा, म्हणून सांगते. स्क्रीनवर भाग जोडताना प्रत्येक जोडाला अट घालावी लागते: हा भाग त्याला टेकलेला, या दोघांत अंतर एवढंच. दोन अटी एकमेकींशी भांडायला लागल्या की लाल खूण येते. मग सगळ्या बंद करायच्या, एकेक चालू करायची आणि दर वेळी भाग माउसने ओढून बघायचा. कंटाळवाणं काम, पण चोर पकडायचा तर दुसरा उपाय नाही.

सातवी चालू केली आणि लाल झालं. खाटेच्या दोन लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर दिलंय चाळीस मिलिमीटर आणि मधली नळी बेचाळीसची. तिने दोन्हीकडे टेकायचं कसं? म्हणून कुणीतरी एका बाजूची 'टेकलेली' ही अट तेव्हाच बंद करून ठेवली होती. लाल खूण गेली, चित्र देखणं झालं. स्क्रीनवर नळी पट्टीत दोन मिलिमीटर घुसली, आणि तिथलं लोखंड काही तक्रार करत नाही.

कुणीतरी म्हणजे मीच. ड्रॉइंग त्याच संध्याकाळी हवं होतं आणि बाबा चपला घालून दारात उभे होते.

हे आज सापडलं, एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? दादा, मला हे पहिल्यापासून माहीत होतं. जोडणी करताना तू म्हणाला होतास, "मास्तरीण, पट्ट्या ओढून बोल्ट आवळावे लागतायत, जरा ड्रॉइंग बघ." मी न बघताच म्हटलं, "ड्रॉइंग बरोबर आहे, तूच नीट बसव." खाट अडकली त्याच क्षणी कुठे अडकली ते मला कळलं: ताणून आवळलेल्या त्याच पट्ट्यांत. बाबांनी खापर तुझ्यावर फोडलं आणि मी वहीत काहीतरी लिहायचं नाटक करत बसले. मला फार लाज वाटते. दोन वर्षं वाटतेय, पण त्या लाजेने तोंड उघडायच्या ऐवजी आणखीच शिवून टाकलं.

आज उघडलं. जेवणाआधी बाबांना सगळं सांगितलं. ते उठले आणि वर्कशॉपात गेले. कोपऱ्यातल्या त्या खाटेवरचं कापड काढलं, बोल्ट सैल केले आणि एका हाताने खाट उचलली. सरळ वर गेली. तेव्हा म्हणाले, "पोरगा सांगत होता." मग तुझा नंबर तीनदा काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. आपल्या बाबांना ओरडायला धीर लागत नाही, बाकी सगळ्याला लागतो.

तू माफ करावंस म्हणून हे पत्र नाही. तुझा राग रास्त आहे, हवा तितके दिवस ठेव. नवं ड्रॉइंग सोबत जोडलंय. काढणारी म्हणून माझं नाव आहे, तपासणाऱ्याची चौकट रिकामी आहे. बाबा म्हणाले, मी सही करतो. मी नाही म्हटलं. मागणी हातची गेली तरी चालेल, तुझी सही झाल्याशिवाय एकही पट्टी कापू देणार नाही. टपालाने पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये.

तुझं ऐकायला दोन वर्षं उशीर केलेली,
तुझी धाकटी