पंचाने ठोकलेली नदी

फोरमनसाहेब,

सून आज पुन्हा म्हणाली, "बाबा, तो गंजका पत्रा भंगारात देऊ या ना." अल नहदाच्या या फ्लॅटमध्ये चार सुटकेसा मावतात, तुमची नदी तेवढी मावत नाही. मी म्हटलं, "मी गेल्यावर द्या. जिवंतपणी हात लावून दाखवा!" नात सोफ्यावरून ओरडली, "गो, आजोबा!"

नव्वदच्या सुमाराला इथे आखातात, मुसफ्फाच्या लोखंडकामाच्या वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा मी सातवी पास. ड्रॉइंगसमोर नुसता नंदीबैल. पहिल्याच उन्हाळ्यात घाम खडूच्या रेषेवर टपकला, रेष गेली, आणि मी बीम अंदाजाने कापला. तुम्ही ओरडला नाहीत. टोकदार पोलादी पंच आणि हातोडी माझ्या हातात ठेवलीत. "चॉक खलास. पंच नो खलास." रेषेवर टिंबं ठोकली की घाम येवो, पाणी येवो, रेष हलत नाही. तीच माझी शाळा.

आणि जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर खडूने काढलेली जपानातली तुमची नदी! केवढीशी ती. सकाळी डोंगरात सोडलेलं पान दुपारी समुद्रात. वर चहाचे मळे, खाली भातखाचरं. तुमच्या आजोबांच्या काळात पुराला कंटाळून तिचं वळण कापलं, तिला सरळ केलं. पण गावाची शीव जुन्या वळणावरूनच राहिली. म्हणून तुमचं शेत नदीपलीकडे, तरी तुमच्याच गावात. "रिव्हर गो. व्हिलेज नो गो," म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारायचात.

सुट्टीवर गेलात ते गेलातच. फॅक्स आला, तुम्ही आता परत येणार नाही. नवा मॅनेजर म्हणाला, "चाचा, ये क्या बच्चों की लकीरें? पेंट मारो, यल्ला!"

"लकीर नहीं साब, नदी है."

"काम करो, काम."

"खाने का टाइम मेरा है," म्हटलं, आणि डबा तसाच ठेवून पत्रा शोधायला धावलो. रत्नागिरीचा रंगारी कुरकुरला, "मामू, आटप, माझा ब्रश सुकतोय." सुकू दे. भिंतीकडे बघत पत्र्यावर टिंबामागून टिंब ठोकलं.

हे पत्र टाकायचं नाहीच. तुमच्या गावात मराठी वाचणार कोण? बरंच आहे. मी पत्रा घेऊन येईपर्यंत रंगाऱ्याचा पहिला हात जुन्या वळणावरूनच फिरला होता. पत्र्यावर तेवढ्या जागी मी आमच्या गावच्या पऱ्याचं, पावसाळी ओढ्याचं, वळण ठोकलंय. तुमची शीव आता आमच्या फणसाखालून जाते. रागवा हवं तर. पण पंच मारलाय, साहेब. पुसला जाणार नाही.