बगळ्याची चाल आणि जिल्हा प्रतिनिधीची जागा

लातूर, ३ फेब्रुवारी १९८३
लातूर वेगळा जिल्हा झाला, बोर्ड बदलले, पाणी मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिलं. आता आमच्या दैनिकाला इथं पगारी जिल्हा प्रतिनिधी नेमायचा आहे. संपादक अमृतराव महिनाअखेर नांदेडहून येऊन माणूस निवडणार. माणूस म्हणजे मी. इतकी वर्षं मानधनाच्या नुसत्या आश्वासनावर बातम्या पाठवल्या, त्या काय उगाच?
दुसरा उमेदवार वीरभद्र. स्टँडसमोर कापडाचं दुकान, त्यातच आमच्या पेपरची एजन्सी. संस्कृत म्हणजे लग्नपत्रिकेच्या माथ्यावर छापतात ते, एवढाच त्याचा व्यासंग. हसू आलं.
संकल्प : टँकरच्या बातम्या कोणीही लिहील. मी लेखमाला लिहिणार. 'शिकारी प्राण्यांच्या चाली.'

६ फेब्रुवारी
पहिला लेख, बगळा. गावाबाहेरच्या डबक्यावर निरीक्षण केलं. शरीर स्थाणुवत्, आणि पिवळा पंजा चिखलात हलकेच थरथरवतो. त्या थरथरीनं दडलेला बेडूक घाबरून आपणहून बाहेर येतो. बेडकाइतका मठ्ठ जीव सृष्टीत नसेल.
निरीक्षणाच्या नादात टँकर चुकला. घागरी रिकाम्या. महादेवी (बायको) म्हणाली, बगळा तरी घरी जाताना चोचीत कायतरी घेऊन जातो. तिला शास्त्रीय दृष्टी नाही.
लेख स्वतः नांदेडच्या एसटीवर कंडक्टरच्या हाती दिला.

१० फेब्रुवारी
बातमीच्या मागं धावणं हीन. बातमी आपल्याकडं आली पाहिजे. कलेक्टर ऑफिसच्या व्हरांड्यात खांबाला टेकून निश्चल उभा राहिलो. अधिकारी मला विसरतील आणि मोकळेपणी बोलतील, असा बेत.
दुपारपर्यंत पंख्याच्या रेग्युलेटरवरून दोन क्लार्कांचं भांडण, एवढंच कानी पडलं. एका म्हातारीनं मला अर्ज लिहिणारा समजून पुढ्यात कागद धरला. शेवटी मकबूल शिपाई म्हणाला, साहेब, चक्कर आली असंल तर बसा, पर खांब सोडा, कलेक्टरसायबाला वाटायलंय तुम्ही उपोषणाला उभारलाव.
वीरभद्र आत चहा पीत मोठमोठ्यानं हसत होता. कुठल्या गावाला टँकर गेला नाही, कुठली विहीर आटली, असलं फुटकळ काहीतरी रोज छापून आणतो.

१४ फेब्रुवारी
दुसरा लेख. पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा तो हिरवा किडा अंगणातल्या लिंबाच्या फांदीवर सापडला. वाऱ्यानं पान हलावं तसा झुलतो. प्रत्येक झुलण्यात जरासा पुढं सरकतो. माशीला वाटतं, वारा आहे. इतके डोळे आणि अक्कल शून्य.
संध्याकाळी वीरभद्र आला. ओट्याच्या खालीच उभा राहून म्हणाला, सर, लेखमाला लिहायलाव म्हणं. तुमच्यासारखी भाषा आता कोण लिहितंय? माणूस वाटला तितका अडाणी नाही.

१७ फेब्रुवारी
वीरभद्र परत आला. आज ओट्यावर बसला. म्हणाला, सर, तुम्ही मोठं लिवा. तुमचं पाकीट मी रोज नांदेडच्या गाडीला देत जातो, तुम्ही कशाला स्टँडवर हेलपाटे घालता? टँकरच्या बातम्यांचं बी मीच बघतो. मी उदारपणे होकार दिला. झुलणाऱ्या किड्याचं पाकीट त्याच्याच हाती सोपवलं.
महादेवी म्हणाली, ह्यो माणूस येईल तवा एक पाऊल आत येऊन राहिला. मी म्हणालो, आदर अशानंच वाढतो.

२१ फेब्रुवारी
तिसरा लेख. काही जातींचा साप पाचोळ्यात अंग दडवून शेपटीचं टोक तेवढं वळवळवतो. भक्ष्याला वाटतं, अळी. आयती अळी एवढी कुणासाठी नाचते आहे, हा प्रश्न त्या प्राण्याला पडत नाही. लिहिताना शिसारी आली.
वीरभद्र आज थेट स्वयंपाकघरात येऊन माठातलं पाणी प्याला. या दिवसांत दोन तांबे. मग म्हणाला, सर, मुखेडकडच्या तळ्यात पानी उरलंय, सगळे बगळे तिथंच जमलेत. एक तर पिवळ्या पायाचा लई बेरकी हाय. सव्वीसलाच गाठा. त्यानं एसटीचे पैसेही खिशात कोंबले. विद्येची कदर म्हणतात ती ही.
महादेवीनं विचारलं, संपादक कवा येणार? महिनाअखेर, म्हणालो. तर म्हणते, मग सव्वीस म्हंजे महिन्याची सुरुवात हाय का?
मी गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेलो.

२६ फेब्रुवारी, मुखेड
तळं नाही. म्हणजे तळ्याची जागा आहे. भेगा, वाळलेलं शेण, मध्यभागी पोरांचा विटीदांडू. कडेला शेळ्या राखणारे शिवप्पा म्हणाले, बगळे? दिवाळीपासनं हितं चिखल न्हाई, बगळे काय माती खातेत? तुमाला कुणी पाठवलं?
वीरभद्राची माहिती जुनी असावी. दुकानदार माणूस, त्याला कुठून कळणार? शेवटची गाडी चुकली. मुक्काम करावा लागणार.

२८ फेब्रुवारी, लातूर
अमृतराव सव्वीसला येऊन गेले. आपल्या घरी आले होते. सोबत वीरभद्र. महादेवी सांगत होती, कपबश्या कुठं हायत ते त्याला इचारावं लागलं न्हाई. संपादकांनी विचारलं, यजमान कुठे? ती म्हणाली, मुखेडला बगळा बघाय गेलेत. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, दुष्काळात पंधरवडाभर यांची एकही बातमी नाही. एक बगळ्याचा लेख तेवढा आला, पुढचं काहीच नाही.
वीरभद्राच्या हाती दिलेले पुढचे दोन्ही लेख पोचलेच नाहीत. एसटीचा कारभार आणखी काय असणार!
जागा वीरभद्राला गेली. अमृतरावांची पारख इतकी उथळ असेल असं वाटलं नव्हतं.

३ मार्च
वीरभद्र आला. या वेळी रस्त्यावरूनच बोलला. आता बातम्यांमुळं एजन्सीकडं बघायला वेळ नाही म्हणे. पहाटेच्या गाडीनं पेपरचे गठ्ठे येतात, ते उतरवून घरोघर टाकायला भरवशाचा माणूस हवा. सर, तुमच्याइतकं पेपरावर प्रेम कुणाचं हाय? मी म्हणालो, विचार करून सांगतो. एवढ्यात महादेवी आतून म्हणाली, येतील ते. सायकलीत हवा भरून ठेवा.
थोडक्यात, माझ्यावाचून त्याचं चालत नाही.
गाडी पहाटे पाचला येते. झोपतो.