पहिले वीस सेकंद

बाबा,

तुम्ही फिरून याल तेव्हा मी सुट्या भागांच्या दुकानात असेन. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उघडाच आहे. प्लग काढलाय, कपॅसिटर रिकामे करून मीटरवर शून्यही पाहिलंय. तुम्ही खुशाल हात लावा. दादाला मात्र लावू देऊ नका, त्याला आवाज वाढवण्यापलीकडे काही कळत नाही.

काल तुम्ही म्हणालात, "साडेचारशे व्होल्टचे कपॅसिटर पुरायचे नाहीत." मी ठसक्यात म्हटलं, "चालताना चारशे दहाच येतात, गणित केलंय मी." तुम्ही "बरं बाई, शिकलेली तू," म्हणून उठलात. हात थरथरायला लागल्यापासून तीन महिन्यांत पहिल्यांदा टेबलाशी बसला होतात, आणि मी पाच मिनिटांत उठवलं. चुकलंच माझं.

आज सकाळी तुमचा काट्याचा मीटर लावून चालू केलं. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वीस सेकंद लागतात, तोवर ते करंटच ओढत नाहीत, त्यामुळे व्होल्टेज चढतं आणि काटा सरळ चारशे ऐंशीपाशी! झटकन बंद केलं आणि एकटीच हसत सुटले. माझं गणित बरोबर होतं, फक्त ते विसाव्या सेकंदानंतरचं होतं. हे पुस्तकात न बघता तुम्हाला कसं कळलं, ते मला सगळं ऐकायचंय.

सहाशे व्होल्टचे आणतेय. ते जाड असतात, जुन्या भोकांत बसणार नाहीत. नवी भोकं कुठे पाडायची, तिथे पेन्सिलने खुणा करून ठेवा. रेघ वाकडी आली तर येऊ दे, ड्रिल मी सरळ धरते.

छोटी