रिकाम्या गाडीचं माप

प्रिय ठकू,

तुझ्या उजव्या मनगटाची कळ आता कशी आहे? पाना उलटा धरून जोर लावायची तुझी खोड गेली नसेल, तर कळही गेली नसणार. जावईबापूंचं पित्त काय म्हणतंय? विहीणबाईंना दम्याचं नवं औषध लागू पडलं का? आणि धाकटीचे पुढचे दोन दात आले, की अजून बोळकंच? हे सगळं मला कसं ठाऊक, म्हणशील. तू आईशी फोनवर बोलतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत असतो, आणि गाळलेला चहाच पुन्हा गाळत राहतो. चुकून फोन मी उचलला तर तू "आईला द्या" एवढंच म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. चार वर्षं तू या दारात पाऊल टाकलं नाहीस. त्याबद्दल तुला दोष द्यायला लिहीत नाही, उलटंच आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तू जाणतेसच. बोल्ट गंजलेला असला की आधी तेल सोडून थांबावं लागतं.

गेले पंधरा दिवस मी गिऱ्हाइकाचं एकही काम घेतलेलं नाही. आपल्या घरच्या पिकअपचा पुढचा-मागचा तोल साधत बसलोय. समोरचा वेल्डर रोज येऊन टोमणा मारतो, "अण्णा, लग्नाची नवरी सजवताय का?" मी म्हणतो, तसंच समज.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या हातात टेप दिला तेव्हा काय सांगितलं होतं? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, चारही बाजूंनी. माप रिकाम्या गाडीचं घ्यायचं, पण विचार भरलेल्या गाडीचा करायचा. रिकामी पिकअप मागून दोन बोटं उंच दिसली तर ती वाकडी नसते. ती ओझ्याची वाट बघत असते. मी शिकवलं एवढंच, पण तू पुढे गेलीस. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचीस, "काका, मागे काय नेता? किती नेता?" आणि ते सांगेपर्यंत जॅकला हात लावायची नाहीस. मी हसायचो, म्हणायचो, "अगं, गाडी उचलायची आहे, तिची सोयरीक नाही जुळवायची." हसायचो खरा, पण आतून कुठेतरी टोचायचं. चाळीस वर्षं मी नजरेनं माप घेत आलो, आणि माझी पोर मला न सांगता माझ्याहून बरं माप घेत होती.

आता तेल मुरलं असेल. तो पाण्याच्या टाकीवाला आठव. तू त्याच्या पिकअपला मागे स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवलास, पुढे उंचीसाठी बेताचंच पॅकिंग दिलंस आणि मागची बाजू दोन बोटं वर ठेवून जेवायला गेलीस. तो बघून म्हणाला, "हे काय, ढुंगण वर करून उभी आहे माझी गाडी!" मी त्याला समजवायला हवं होतं. ते सोडून मी म्हणालो, "थांबा, मी बघतो," आणि तू हात धुवून येईपर्यंत पुढे जाडजूड पॅकिंग टाकून गाडी पाणसळीत, अगदी सपाट आणून दिली. दिसायला कशी झकास! चौथ्या दिवशी टाकी भरून निघाला तर मागचं बसलं आणि नाक आभाळात. वळणावर स्टिअरिंग हलकं पडलं आणि गाडी खड्ड्यात. टाकी फुटली, त्याचा हात मोडला. गळ्यात हात अडकवून तो आपल्या अंगणात येऊन ओरडला, "कुणी केलं हे काम?"

आणि मी म्हणालो, "पोरीचा हात लागलाय."

तू तेव्हा दुसऱ्या गाडीखाली होतीस. सरपटत बाहेर आलीस, माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलशील, आणि बोललीस तर मी कबूल करीन. तू बोलली नाहीस. पुढचं पॅकिंग कुणाचं, हे तुला एका नजरेत कळलं होतं. चिंधीला हात पुसलेस, पान्यांची गुंडाळी उचललीस आणि गेलीस. लोक म्हणाले, पोरगी तापट. आई म्हणाली, हट्टी. मी काहीच म्हणालो नाही, आणि त्या न म्हणण्यालाही आता चार वर्षं झाली.

आता आईचं. ती तुला फोनवर सांगते की मी बरी आहे, जरा कंबर धरलीय. ठकू, कंबर धरलेली नाही. दुखणं हाडात गेलंय. तिला बसवत नाही, आडवंच राहावं लागतं, आणि साधा धक्का बसला तरी ओठ चावते. मागच्या महिन्यात म्हणाली, एकदा पोरीच्या घरी जायचंय, तिचं नवं गॅरेज बघायचंय. मी म्हणालो, तिलाच बोलावतो. तर म्हणाली, "नको. मी अशी आहे म्हटल्यावर ती येईल हो, पण मान खाली घालून येईल. आपणच जाऊ." तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. पॅकिंगची सगळी हकीकत मी तिला सांगितली. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "चार वर्षं मी दर फोनला तिलाच सांगत आले, तूच नमतं घे. आणि तिनं एकदासुद्धा तुम्हाला उघडं पाडलं नाही." त्यानंतर दोन दिवस माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही तिनं.

दवाखान्याची गाडी दवाखान्यापुरतीच मिळते. म्हणून आपली पिकअप. मागे गादी टाकली, वर ताडपत्रीचं छत केलं. पण पाटे मालाच्या वजनाचे, दगडासारखे कडक, आणि मागची बाजू उंच असल्यानं गादीला उतार. एके सकाळी तिला उचलून आणून गादीवर निजवलं आणि सवयीनं टेप लावला. आधी मोजलं होतं तेवढंच भरलं. पुन्हा मोजलं. गाडी एक सूतसुद्धा खाली बसली नव्हती. तुझी आई गाडीत आहे हे त्या पाट्यांना कळलंच नव्हतं गं. मी मडगार्डला टेकून तसाच उभा राहिलो. ती आतून विचारत होती, "किती आलं?" मी म्हणालो, "बरोबर आलंय."

मग दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले. मागचं नको तेवढं बसलं, म्हणून पुढचं पॅकिंग उतरवलं. पुन्हा पाणसळ, पुन्हा टेप. तिच्या वजनाची वाळूची पोती ठेवून फेरी मारली. मग मी स्वतः गादीवर झोपलो आणि वेल्डरला चालवायला लावलं. तो म्हणाला, "अण्णा, डोळे उघडे ठेवा, नाहीतर रस्त्यावरचे लोक रडायला लागतील." आता गादी सपाट राहते, खड्डा अंगाला लागत नाही. आयुष्यात एवढं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही, आणि पहिल्यांदाच मी आधी विचारलं की मागे काय न्यायचंय.

पण गाडी अजून अंगणातच आहे. तुझी आई म्हणते, "आधी पोरीला खरं काय ते लिहा. तिनं बोलावलं तरच चाक हलवा." ते लिहिलं. त्या टाकीवाल्याकडे परवाच जाऊन आलो; चूक माझी होती, पोरीची नव्हती, असं त्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर सांगितलं. तू माफ कर असं म्हणत नाही, तो तुझा प्रश्न. "या" एवढंच लिहिलंस तरी आम्ही सकाळी निघू. आणि "आईला द्या" असंच मनात असेल, तर तसं लिही. वेल्डरला सगळं समजावून ठेवलंय, तो सावकाश चालवेल. मी तिला इथे अंगणातच निरोप देईन. पार्सलच्या गाडीवरचा ड्रायव्हर हे पत्र तुझ्या हातात देईल आणि परवा परत निघेल. उत्तर त्याच्याच हाती दे, पुढच्या खेपेवर टाकू नकोस. डॉक्टर हल्ली पुढची तारीख देत नाहीत.

तुझाच,
अण्णा